अमेरिकन कथेतील माणूस आणि मराठी कथेचे अंगण

इंद्रायणीकाठच्या आळंदीला महाराष्ट्र ओळखतो तो ज्ञानदेवांच्या समाधीमुळे. १२९६ साली येथे घेतलेल्या त्या समाधीने या लहानशा गावाला मराठी भाषेचे माहेर केले. परंतु वाङ्मयाच्या इतिहासात आळंदीच्या नावावर आणखी एक नोंद आहे आणि ती आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीतील आहे. १९९६ साली ६९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आळंदीस भरले. अध्यक्षपदी होत्या शांता शेळके.

शांताबाईंचे नाव घेतले की प्रथम त्यांची गाणी आठवतात. त्या कवयित्री होत्या, कथालेखिका होत्या, आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग'मध्ये त्यांनी पत्रकारिता केली, नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आणि पुढे मुंबईत अध्यापन केले. पण मराठी घराघरांतील मुलींच्या दोन-तीन पिढ्यांना त्यांनी दिलेली आणखी एक देणगी आहे. लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेची 'लिटल विमेन' ही कादंबरी त्यांनी 'चौघीजणी' या नावाने मराठीत आणली. ज्ञानदेवांच्या गावी भरलेल्या संमेलनाच्या अध्यक्षस्थानी अमेरिकेतील चार बहिणींना मराठी बोलायला शिकवणारी लेखिका असावी, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण वाटतो. परक्या भाषेतील माणूस आपल्या भाषेत येतो तेव्हा तो केवळ पाहुणा म्हणून येत नाही. आपल्याच घरातील माणसांकडे पाहण्याची एक नवी दृष्टीही तो मागे ठेवून जातो. प्रस्तुत लेखात याच देवघेवीचा मागोवा घ्यावयाचा आहे. अमेरिकन कथेने माणूस कसा रंगविला, त्यासाठी तिने कोणती शैली घडविली, तिचे मराठीशी नाते कसे जुळले आणि त्या नात्यातून आपण आज काय घ्यावे, असे हे चार प्रश्न आहेत.

कॉंकर्डच्या चौघी बहिणी

'लिटल विमेन'चा पहिला भाग १८६८ साली आणि दुसरा १८६९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील यादवी युद्ध नुकतेच संपले होते. मेग, ज्यो, बेथ आणि ॲमी या चार बहिणींचे वडील सैन्यात धर्मोपदेशक म्हणून गेलेले आहेत, घरात पैशांची ओढाताण आहे आणि नाताळ तोंडावर आलेला आहे, अशी तिची सुरुवात होते. नाताळच्या सकाळी आईच्या शब्दाखातर या मुली आपली न्याहारी एका गरीब कुटुंबाला नेऊन देतात, तो प्रसंग वाचलेला वाचक सहसा विसरत नाही.

ही कादंबरी असली तरी तिच्या प्रकरणांची घडण कथेसारखी आहे. एकेक प्रकरण म्हणजे एकेक पुरा प्रसंग. जॉन बन्यन यांच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' या ग्रंथातील यात्रिकाची वाट या बहिणी खेळात आणि जगण्यात गिरवतात. तो ग्रंथ हरि केशवजी यांनी १८४१ सालीच 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणला होता, हे येथे आठवते. म्हणजे चौघी बहिणी मराठीत येण्यापूर्वी कितीतरी आधी त्यांचे आवडते पुस्तक येथे पोहोचले होते!

या चौघींत ज्यो ही लेखिका. पैशांसाठी ती खून, विष आणि अंधारकोठड्या यांनी भरलेल्या सनसनाटी गोष्टी लिहू लागते. त्या खपतात, घरखर्चाला हातभार लागतो. पुढे एका वडीलधाऱ्या, सालस प्राध्यापकाचे मत ऐकून तिला त्या लेखनाची लाज वाटते आणि ती ते कागद चुलीत घालते. अखेर घरातील दुःखातून, बहिणीच्या मृत्यूनंतर, ती साध्या माणसांची साधी गोष्ट लिहिते आणि ती वाचकांच्या हृदयाला भिडते. अल्कॉट यांनी स्वतःही टोपणनावाने अशा भडक गोष्टी लिहिल्या होत्या. ज्योच्या रूपाने त्यांनी जणू अमेरिकन कथेचा पुढचा प्रवासच सांगून ठेवला. तो प्रवास होता चमत्कृतीकडून माणसाकडे.

कलाटणीचे युग

अमेरिकन कथेचा आरंभ साधारणपणे वॉशिंग्टन अर्व्हिंग यांच्यापासून धरतात. त्यांची 'रिप व्हॅन विंकल' ही वीस वर्षे झोपून गेलेल्या माणसाची गोष्ट १८१९ सालची. पण कथेला शास्त्र दिले ते एडगर ॲलन पो यांनी. नॅथानिएल हॉथॉर्न यांच्या कथांचे १८४२ साली परीक्षण करताना त्यांनी असा आग्रह धरला की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातील प्रत्येक शब्दाने एकच एक परिणाम साधावा. पाल्हाळाला येथे स्थान नाही.

पुढे नियतकालिके वाढली, वाचक वाढला आणि या शास्त्राचे एक लोकप्रिय तंत्र बनले. त्या तंत्राचे सम्राट म्हणजे ओ. हेन्री. त्यांची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' ही कथा डिसेंबर १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आली. आपल्या नाताळ अंकांच्या वाचकांना ती परिचित असेल. पतीच्या घड्याळासाठी साखळी घ्यावी म्हणून पत्नी आपले सुंदर केस विकते आणि तिच्या केसांसाठी कंगवे घ्यावेत म्हणून पती घड्याळ विकून टाकतो. दोघांच्याही भेटी निरुपयोगी ठरतात. बाळ येशूला भेटी आणणाऱ्या पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांशी लेखक या वेड्या जोडप्याची तुलना करतो. शेवटची कलाटणी इतकी चपखल आहे की आधीचे सर्व काही तिच्यासाठीच रचले होते, हे लक्षात येते.

मराठीतही जवळजवळ असाच क्रम घडला. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केले आणि त्यात 'स्फुट गोष्टी' लिहिल्या. पुढे दिवाकर कृष्ण यांनी कथेला अंतर्मुख केले. ना. सी. फडके यांनी १९३१ सालच्या 'प्रतिभासाधन' या ग्रंथात कथा-कादंबरीच्या तंत्राची चर्चा केली. आकर्षक सुरुवात, गुंतागुंत, उत्कंठा आणि उकल हे शब्द त्या काळातील कथालेखकांच्या तोंडी रुळले. या तंत्राने मराठी कथा नेटकी झाली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तंत्राला एक किंमत द्यावी लागते. कथानक आधी ठरते, मग माणसाला त्यात बसवावे लागते. माणूस जर त्या साच्यात मावत नसेल, तर लेखक कथा न बदलता माणूस बदलतो. अशा कथेतील गरीब हा शोभिवंत गरीब होतो, विधवा ही शोभिवंत विधवा होते. त्यांच्याविषयी कळवळा वाटतो, पण ओळख पटत नाही.

न बोललेले बोल

या साच्यातून कथेला बाहेर काढण्याचे काम अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे झाले. शेरवूड अँडरसन यांचे 'वाइन्सबर्ग, ओहायो' हे पुस्तक १९१९ साली प्रसिद्ध झाले. ओहायो राज्यातील एका काल्पनिक गावातील माणसे, त्यांच्या मनात कोंडलेली दुःखे आणि ती ज्याच्यापाशी उघड होतात तो एक तरुण बातमीदार. या कथांत कलाटणी नाही. माणूस क्षणभर उघडा पडतो आणि पुन्हा मिटतो, एवढेच.

अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी या वाटेवर शैलीची क्रांती केली. तरुणपणी ते कॅन्सस सिटीच्या एका वृत्तपत्रात बातमीदार होते. वाक्ये आखूड ठेवावीत, भाषा जोरकस ठेवावी, फाफटपसारा टाळावा, असे तेथील नियम. ते नियम त्यांनी कथेत आणले. १९३२ साली त्यांनी आपल्या शैलीसाठी हिमनगाची उपमा वापरली. हिमनगाचा आठवा हिस्सा पाण्यावर दिसतो, उरलेले सात हिस्से पाण्याखाली असतात. लेखकाला जे पूर्ण ठाऊक आहे ते त्याने गाळले, तरी वाचकाला त्याचे वजन जाणवते. जे लेखकालाच ठाऊक नाही ते गाळले, तर मात्र कथेत पोकळी राहते. हा दुसरा भाग नव्या लेखकांनी विशेष ध्यानात ठेवावा.

त्यांची १९२७ सालची 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' ही कथा पाहा. स्पेनमधील एका रेल्वे स्थानकावर एक पुरुष आणि एक तरुणी गाडीची वाट पाहात बसली आहेत. ती पेये मागवतात, समोरच्या टेकड्यांविषयी बोलतात. तिने गर्भपात करवून घ्यावा असा त्याचा आग्रह आहे. पण तो शब्द कथेत एकदाही येत नाही. तो पुनःपुन्हा सांगतो की तिच्या मनाविरुद्ध काही नको. त्या सांगण्यातूनच त्याचा स्वार्थ दिसत जातो. लेखक त्याला एका शब्दाने दोष देत नाही. न्याय वाचकाने करावयाचा. आपल्या घरांतही सर्वांत गंभीर गोष्टी याच रीतीने, म्हणजे चहाच्या आणि गाडीच्या वेळेच्या गप्पांआडून बोलल्या जातात, हे कोण नाकारील?

येथे मराठी वाचकाला स्वतःच्या वाङ्मयाची आठवण व्हावी. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभट यांनी संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'तील वाक्ये अशीच आखूड आहेत. कोणी आले, कोणी विचारले, स्वामी काय म्हणाले, प्रसंग संपला. वर्णनाचा सोस नाही, भावनेचे स्पष्टीकरण नाही. संयत गद्य हे आपल्या भाषेचेही जुने धन आहे. शुभवर्तमानातील दृष्टान्तांची घडणही याच जातीची. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात थोरला मुलगा रागावून दाराबाहेर उभा राहतो, बाप त्याची समजूत घालतो आणि गोष्ट तेथेच थांबते. तो आत गेला की नाही, हे प्रभू येशू सांगत नाही. ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाने त्या दारापाशी स्वतः उभे राहून उत्तर द्यावयाचे आहे.

मराठी अंगणात

दुसऱ्या महायुद्धानंतर मराठीत नवकथा अवतरली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर ही तिची चार ठळक नावे आणि 'सत्यकथा' हे तिचे मोठे व्यासपीठ. १९३३ साली सुरू झालेले हे मासिक १९८२ साली बंद पडले. या लेखकांनी पाश्चात्य कथा डोळसपणे वाचली. गोखले शेतकीच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत राहून आले होते, गाडगीळांनी 'साता समुद्रापलीकडे' हे प्रवासवर्णन लिहिले. पण त्यांनी परक्या कथानकांची उसनवारी केली नाही. घटनेपेक्षा मनाची अवस्था महत्त्वाची, हा धडा त्यांनी घेतला आणि तो मुंबईच्या चाळीला, पुण्याच्या मध्यमवर्गीय घराला, माणदेशच्या माळरानाला लावून पाहिला.

माडगूळकरांचे 'माणदेशी माणसे' १९४९ सालचे. त्यातील धर्मा रामोशी किंवा झेल्या ही माणसे कोणताही संदेश देण्यासाठी उभी केलेली नाहीत. ती आहेत म्हणून आहेत. लेखक त्यांच्या बाजूला बसतो, त्यांचे बोलणे ऐकतो आणि मोजक्या शब्दांत ते आपल्याला सांगतो. १९५५ सालच्या 'बनगरवाडी'त एक तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो आणि गावाची सुखदुःखे त्याच्यापाशी उघडी होत जातात. अँडरसन यांच्या बातमीदाराशी त्याचे नाते लागते. याला प्रभाव म्हणण्यापेक्षा साम्य म्हणणे योग्य होईल. ऐकून घेणारा कोणी भेटला की माणसे बोलू लागतात, मग ते ओहायो असो वा माणदेश.

भाषांतरांनी दुसरा दरवाजा उघडला. दुर्गा भागवत यांनी थोरो यांच्या 'वॉल्डन'ला मराठी रूप दिले. धारवाडला इंग्रजी शिकविणारे जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबऱ्या 'रान', 'शिवार' आणि 'गाव' या नावांनी मराठीत आणल्या. ओहायोच्या घनदाट जंगलात झाडे तोडून वस्ती करणाऱ्या माणसांची ही कहाणी. 'शिवार' या एका शब्दात भाषांतरकाराची सारी दृष्टी दिसते. परक्या मातीला त्यांनी आपल्या शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द दिला.

१९६५ साली पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वे यांच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चे 'एका कोळियाने' हे भाषांतर प्रसिद्ध केले. हे शीर्षक वाचताच जुन्या मराठी माणसाला शाळेच्या पुस्तकातील जाळे विणणाऱ्या कोळ्याची कविता आठवते. मासे पकडणारा कोळी आणि पुनःपुन्हा प्रयत्न करणारा कोळी, दोघेही एका शब्दात आले. १९५२ सालच्या या दीर्घकथेतील म्हातारा सांतियागो चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परतला आहे. समुद्रात महाकाय माशाशी झुंजताना तो म्हणतो की आपण फारसे धार्मिक नाही, तरी मासा मिळावा म्हणून दहा वेळा 'आमच्या बापा' आणि दहा वेळा 'नमो मरिये' म्हणू. आणि क्यूबातील कोब्रेच्या मातेच्या यात्रेचा नवसही तो बोलतो. वसईच्या किनाऱ्यावरील कोळी बांधवाला किंवा आळंदीच्या वारकऱ्याला नवसाची ही भाषा समजावून सांगावी लागणार नाही. शेवटी खांद्यावर डोलकाठी घेऊन चढ चढताना म्हातारा पडतो, पुन्हा उठतो. क्रुसाच्या वाटेची प्रतिमा येथे स्पष्ट आहे. पण लेखक तिचे नाव घेत नाही. १९५४ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकाचे पदक हेमिंग्वे यांनी याच कोब्रेच्या मातेच्या चरणी अर्पण केले, हे जाणून वाचकांना समाधान वाटेल.

अमेरिकेकडून आणखी एक प्रेरणा आली, तिचाही उल्लेख केला पाहिजे. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठी वाचकांना परिचय करून दिला. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच तेथील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा कथासंग्रह त्याआधीचा, १९६३ सालचा. हिमनगाची संयत शैली ही कथेची एकमेव शैली नव्हे, हे बागुलांनी दाखविले. ज्याला शतकानुशतके गप्प बसविले, त्याच्या कथेने आवाज चढविला तर तो दोष कसा मानावा?

टर्पिनबाईंची रात्र

कॅथॉलिक वाचकाला विशेष जवळची वाटावी अशी अमेरिकन लेखिका म्हणजे फ्लॅनरी ओकॉनर. जन्म १९२५ सालचा, जॉर्जिया राज्यातील. आजूबाजूला बहुसंख्य प्रॉटेस्टंट समाज. ऐन तारुण्यात ल्युपस या दुर्धर रोगाने गाठले. वडील त्याच रोगाने गेले होते. आईबरोबर शेतावर राहून, मोर पाळीत, रोज सकाळी नेमाने लिहीत त्यांनी एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य संपविले. १९६४ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कथा वाचून आपल्यापैकी काही जण दचकतील. संत, चमत्कार, पश्चात्तापाचे अश्रू असे काही तेथे नाही. आहेत ती आत्मसंतुष्ट, हेकट, हास्यास्पद माणसे. त्यांच्यावर दैवी कृपा येते ती सांत्वन म्हणून येत नाही, धडक म्हणून येते.

शेवटच्या दिवसांत लिहिलेली त्यांची 'रेव्हलेशन' ही कथा त्याचे उत्तम उदाहरण आहे. टर्पिनबाई या खाऊनपिऊन सुखी, नीटनेटक्या, देवभीरू शेतकरीण. रात्री झोप आली नाही की त्या मनाशी माणसांची उतरंड लावतात. तळाला कोण, त्यांच्यावर कोण, घर असलेले कोण, जमीन असलेले कोण. पण कधी कुलीन माणूस गरीब निघतो, कधी हलक्या समजलेल्या माणसाकडे जमीन निघते, आणि ती उतरंड कोसळते. एकदा डॉक्टरांच्या दवाखान्यात बसल्या असता त्या मनात प्रत्येकाची अशीच प्रतवारी लावतात आणि आपल्याला देवाने असे घडविले नाही म्हणून मोठ्याने त्याचे आभार मानतात. मंदिरात उभ्या राहिलेल्या परूश्याची प्रार्थनाच ही! तेवढ्यात समोरची एक चिडलेली मुलगी हातातले पुस्तक त्यांच्या तोंडावर फेकून मारते आणि त्यांना नरकातले रानडुक्कर म्हणते. त्या मुलीचे नाव लेखिकेने मेरी ग्रेस ठेवले आहे. ग्रेस म्हणजे कृपा.

घरी आल्यावर डुकरांच्या गोठ्यापाशी उभ्या राहून टर्पिनबाई देवाला जाब विचारतात. सूर्य मावळताना त्यांना आकाशात एक वाट दिसते. तिच्यावरून असंख्य जीव स्वर्गाकडे चालले आहेत. ज्यांना त्यांनी तळाला ठेवले होते ते सर्वांत पुढे, नाचत, उड्या मारीत आणि त्यांच्यासारखे प्रतिष्ठित लोक सर्वांत मागे, शिस्तीत, चकित चेहऱ्यांनी.

आळंदीच्या परिसरात राहणाऱ्याला हे वाचताना दिंडी आठवल्याशिवाय राहत नाही. जून-जुलैच्या सुमारास ज्ञानदेवांची पालखी आळंदीहून निघते तेव्हा वाटेवर माणसे एकमेकांच्या पाया पडतात. पाया पडणारा आणि पडून घेणारा यांत लहानमोठे पाहिले जात नाही, असा तेथील आदर्श आहे. आदर्श आणि व्यवहार यांत अंतर असते, ते वारीतही असेल आणि आपल्या मंदिरातही आहे. पुढच्या बाकावर कोणी बसावे, सणाच्या समितीत कोणाचे नाव असावे, सोयरीक कोणत्या घराशी करावी, मूळ गाव कोणते आणि मूळ जात कोणती, ही उतरंड आपणही रात्री लावतच असतो. ओकॉनर यांची कथा आपल्याला उपदेश करीत नाही. ती फक्त टर्पिनबाईंना आपल्या शेजारच्या खुर्चीवर आणून बसविते. थोड्या वेळाने कळते की खुर्ची एकच आहे.

ताज्या पावाची गोष्ट

शेवटी एका कामगार लेखकाकडे वळू. रेमंड कार्व्हर यांचा जन्म १९३८ सालचा. वडील लाकूड कारखान्यात कामाला. स्वतः कार्व्हर यांनी झाडलोटीपासून अनेक कामे केली, लवकर लग्न झाले, मुले झाली, दारूचे व्यसन जडले आणि ते त्यांनी निग्रहाने सोडले. १९८८ साली, पन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हप्ते थकलेली, नोकरी गेलेली, एकमेकांशी धड बोलू न शकणारी माणसे त्यांच्या कथांत आहेत.

त्यांच्या एका कथेची दोन रूपे उपलब्ध आहेत आणि शैलीचा प्रश्न समजण्यासाठी ती फार उपयोगी आहेत. एक आई मुलाच्या वाढदिवसासाठी केक सांगते. वाढदिवसाच्या दिवशीच मुलाला मोटारीची धडक बसते आणि तो रुग्णालयात बेशुद्ध पडून राहतो. केक न नेल्यामुळे चिडलेला बेकरीवाला, काय घडले याची कल्पना नसल्याने, रात्री-अपरात्री त्या घरी दूरध्वनी करीत राहतो. 'द बाथ' या नावाने १९८१ सालच्या संग्रहात आलेली कथा येथेच, दूरध्वनी वाजत असताना थांबते. संपादक गॉर्डन लिश यांनी तिला फार कात्री लावली होती. १९८३ सालच्या 'कॅथीड्रल' या संग्रहात कार्व्हर यांनी तीच कथा 'अ स्मॉल, गुड थिंग' या नावाने विस्ताराने दिली. या रूपात मुलगा दगावतो. संतापलेले आईबाप मध्यरात्री बेकरीत जातात. बेकरीवाल्याला सत्य कळते, तो ओशाळतो, त्यांना बसवितो आणि भट्टीतील गरम पाव पुढे ठेवतो. आपण निपुत्रिक आहोत, वर्षानुवर्षे इतरांच्या सोहळ्यांसाठी केक करीत आलो, हे तो सांगतो. ती दोघे पाव खातात आणि पहाट होईपर्यंत तिघे बोलत बसतात.

पहिले रूप अधिक चलाख आहे, दुसरे अधिक मोठे आहे. संयम हा शैलीचा गुण खरा. पण गाळता गाळता माणुसकीच गाळली जाऊ नये. पावाच्या या मेजाला कार्व्हर यांनी कोणतेही धार्मिक नाव दिलेले नाही. मिस्साबलिदानात भाकर मोडलेली पाहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला ते द्यावे लागत नाही.

आपली माणसे कोण लिहिणार?

आता आळंदीच्या टेकाडावर उभे राहून सभोवार पाहावे. एका बाजूला पिंपरी-चिंचवड. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला आणि पुढे साऱ्या परिसराचे रूप पालटले. दुसऱ्या बाजूला चाकण. तेथे मोटारी आणि दुचाकी तयार होतात. मराठवाड्याचा, विदर्भाचा, बिहारचा, ओडिशाचा तरुण येथे कंत्राटावर येतो, एका खोलीत चौघे-सहाजण पाळीपाळीने झोपतात. आपल्या धर्मग्रामांतही अहिल्यानगर आणि जालना भागातून आलेली कुटुंबे आहेत, केरळची, तमिळनाडूची, गोव्याची आहेत. रविवारच्या मिस्साला कोणी रात्रपाळी संपवून थेट येतो आणि प्रवचनाच्या वेळी त्याचा डोळा लागतो. त्या डुलकीची कथा मराठीत कोणी लिहिली आहे का?

२०१६ साली पिंपरी-चिंचवडमध्ये ८९वे साहित्य संमेलन भरले. २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, येथील ९३व्या संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. २०२४ साली ते आपल्यातून गेले. मराठी ख्रिस्ती माणसाने मराठी वाङ्मयात काही कमी दिलेले नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ सालचे 'ख्रिस्तपुराण' ओवीत आहे, त्याच ओवीत, जिने आळंदीच्या ज्ञानदेवांची वाणी वाहिली. बाबा पद्मनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'इतके प्रांजळ गद्य मराठीत विरळाच. पुराण झाले, कादंबरी झाली, आत्मचरित्र झाले. कथेच्या बाबतीत मात्र आपण अजून संकोचतो. आपल्या नियतकालिकांतील कथेत व्यसनी माणूस शेवटच्या परिच्छेदात सुधारतोच आणि रुसलेली सून प्रार्थनेने वळतेच. हेतू चांगला असतो. पण ही ओ. हेन्री यांची कलाटणी आहे, ओकॉनर यांची कृपा नव्हे. खऱ्या घरात व्यसनी माणूस सुधारतो, पुन्हा पडतो आणि त्याची पत्नी तरीही त्याचा डबा भरते. या 'तरीही'ची कथा सांगावयाची तर शेवट मोकळा ठेवण्याचे धैर्य हवे.

परक्या कथेचा अभ्यास करावयाचा तो यासाठी. तिची पात्रे आपल्याकडे आणून बसवावीत, असा त्याचा अर्थ नाही. वाइन्सबर्गच्या बातमीदाराप्रमाणे आणि बनगरवाडीच्या मास्तराप्रमाणे आपल्यापैकी कोणी तरी आधी ऐकायला बसले पाहिजे. मिस्सा संपल्यावर मंदिराच्या पायरीवर, कंपनीच्या बसथांब्यावर, भाड्याच्या खोलीच्या दारात. ज्योने अखेर जी गोष्ट लिहिली ती तिच्याच घरातील होती. शांताबाईंनी ती आपल्यासाठी मराठीत आणून ठेवली आहे. आपल्या घरातील गोष्ट आपणच लिहिली पाहिजे, कारण ती भाषांतर करून आणण्यासाठी दुसऱ्या कोणत्याही भाषेत उपलब्ध नाही.